पॉवर स्टिअरिंगची कुरकुर : घरच्या घरी निदान आणि दुरुस्ती



डिसेंबरातील बंगळूरची एक सकाळ डोळ्यांपुढे आणावी. हवेत १५ अंशांच्या आसपासचा गारवा आहे. जयनगरातील एखाद्या जुन्या घराच्या फाटकाआड दहा-बारा वर्षे वापरलेली मोटार उभी आहे. घरधनी गाडी सुरू करतात आणि अरुंद गल्लीत ती काढण्यासाठी स्टिअरिंगचे चक्र उजवीकडे वळवू लागतात. तोच बॉनेटखालून एक लांबट, कण्हल्यासारखा आवाज येतो. चक्र सोडले की तो विरतो, पुन्हा वळवले की पुन्हा उमटतो. आठवड्यामागून आठवडे जातात आणि कण्हणे वाढत जाते.

अशा वेळी माणसे सहसा तीनपैकी एक मार्ग धरतात. कोणी रेडिओचा आवाज मोठा करून गाडीची कुरकुर ऐकेनासे होतात. कोणी घरात पडलेल्या डब्यातले हाती लागेल ते तेल ओततात. कोणी गाडी थेट गॅरेजात नेतात आणि तेथे ‘पंप गेला’ असे ऐकून नवा पंप बसवून घेतात. हे तिन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. आणि तिसरा सर्वांत महागडा असूनही पुष्कळदा निष्फळ ठरतो. कारण आवाज पंपातून येत असला, तरी दोष पंपाचाच असतो असे नाही. उपाशी मूल रडते तेव्हा दुखणे घशाचे नसते. तद्वतच पंप कण्हतो तो बहुधा त्याला पुरेसे आणि स्वच्छ तेल मिळत नाही म्हणून. हे जाणून शोधाची दिशा स्वस्ताकडून महागाकडे ठेवली, तर या दुखण्याचा मोठा भाग घरच्या अंगणातच बरा करता येतो. आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन एवढेच आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घ्यावयास हवी. जुन्या अँबॅसडर किंवा फियाट गाड्या ज्यांनी चालवल्या आहेत, त्यांना उभ्या गाडीची चाके वळवताना खांद्यांवर येणारा ताण आठवत असेल. हा ताण हलका करण्याची युक्ती अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ मध्ये एका मोटारीवर बसवून दाखवली. तथापि ती महाग असल्याने बाजारात यावयास पाव शतक लागले. दुसऱ्या महायुद्धात अवजड लष्करी वाहनांवर तिचा उपयोग झाला आणि १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल या मोटारीत ती सर्वसामान्य ग्राहकासाठी आणली. तिच्या मुळाशी असलेले तत्त्व त्याहून पुष्कळ जुने आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कलचा नियमच येथे राबतो. ज्या बंगळुरात वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये विमानांचा कारखाना काढला, त्या शहराला हे तत्त्व अपरिचित नाही. विमानाची चाके आणि पंखांवरील झडपा हलवण्याचे कामही दाबाखालच्या द्रवाकडून करून घेतात.

मोटारीत ही व्यवस्था अशी असते. इंजिनाच्या फिरत्या कप्पीवरून एक रबरी पट्टा निघतो आणि तो एक छोटा पंप फिरवतो. एका लहानशा टाकीतील तेल पंप ओढून घेतो आणि जाड नळीतून, मोठ्या दाबाखाली, स्टिअरिंगच्या रॅककडे ढकलतो. चालकाने चक्र उजवीकडे वळवले की एक झडप तेलाला दट्ट्याच्या एका बाजूस वाट देते, डावीकडे वळवले की दुसऱ्या बाजूस. दट्ट्या चाकांना ढकलतो आणि काम उरकलेले तेल परतीच्या नळीने टाकीत येते. चक्र शेवटच्या टोकापर्यंत वळवले असता हा दाब चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० किलोग्रॅमपर्यंत चढू शकतो. चाकातल्या हवेचा दाब जेमतेम दोन-सव्वादोन असतो, याची तुलना करावी, म्हणजे पुढे सांगावयाच्या सावधगिरीचे मोल कळेल.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सर्वच गाड्यांत ही तेलाची व्यवस्था नसते. १९८८ मध्ये जपानात सुझुकीच्या सर्व्हो या मोटारीत विजेच्या मोटरने स्टिअरिंगला साहाय्य करण्याची पद्धत आली आणि आज बहुतेक नव्या लहान गाड्यांत तीच असते. तिच्यात तेल नाही, टाकी नाही, पट्ट्यावर चालणारा पंप नाही. म्हणून पहिले काम म्हणजे बॉनेट उघडून पाहणे. स्टिअरिंगच्या चक्राचे चित्र असलेले झाकण आणि त्याखाली लहान टाकी दिसली, तरच पुढील विवेचन त्या गाडीस लागू पडते. विजेवरच्या स्टिअरिंगमधून आवाज येत असेल, तर घरी उघडझाप न करता जाणत्याकडे जाणेच श्रेयस्कर.

आता निदानाकडे वळू या. निदानाचे पहिले हत्यार कान होय. गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा आणि इंजिन मंद चालू ठेवून चक्र सावकाश दोन्ही बाजूंना वळवावे. वळवताना कण्हणे उमटले आणि इंजिनाचा वेग वाढवताच त्याची पट्टी चढली, तर तेल कमी आहे किंवा तेलात हवा शिरली आहे, असा पहिला संशय घ्यावा. तीक्ष्ण किंचाळी ऐकू आली, विशेषतः सकाळी गाडी सुरू करताक्षणी किंवा चक्र टोकाला नेताना, तर पट्टा घसरत असावा. चक्र अगदी टोकाला टेकले असता येणारा ‘सूं’ असा आवाज मात्र रोग नव्हे. त्या वेळी दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून पंपातील सुरक्षा-झडप उघडते, तिचा तो आवाज असतो. परंतु चक्र त्या अवस्थेत चार-पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये. तेल झपाट्याने तापते. खड्ड्यांतून जाताना ‘खट्खट्’ होत असेल, तर सांधे किंवा रबरी बूश झिजले असण्याचा संभव अधिक. आणि चक्र न वळवताही, केवळ गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असते. या दोन्ही तक्रारींचा पंपाशी संबंध नाही.

तेल कमी असताना पंप का कण्हतो, हे समजण्यासाठी बंगळूरच्या रस्त्यावरील शहाळेवाल्याकडे जावे. शहाळ्यातले पाणी भरपूर आहे तोवर नळीतून ते मुकाट्याने वर येते. तळ गाठला की पाण्याबरोबर हवा ओढली जाते आणि नळी सुरसुरू लागते. पंपाचेही तसेच. टाकीतील पातळी खाली गेली, टाकीच्या तळाची जाळी गाळाने तुंबली, किंवा थंडीत जुने तेल दाट झाले, की पंपाला हवे तितके तेल ओढता येत नाही. तेलात बुडबुडे तयार होतात आणि दाबाच्या बाजूस पोहोचताच ते फटाफट फुटतात. कण्हणे ते हेच. हे असंख्य सूक्ष्म आघात पंपातील धातूच्या पात्यांवर आणि भिंतीवर होत असतात; म्हणून आवाज दुर्लक्षिला, तर आज निर्दोष असलेला पंप काही महिन्यांत खरोखरच निकामी होतो. गावोगावच्या रहाटीत उभ्या असलेल्या गाडीची चाके वळवण्याचे प्रसंग थोडे. बंगळूरच्या तळघरांतील वाहनतळ, अरुंद गल्ल्या आणि वाहनांनी तुंबलेली वळणे यांत मात्र ते दिवसातून अनेकदा येतात आणि पंपावर सर्वाधिक भार पडतो तो याच वेळी.

दुसरे हत्यार डोळे. टाकीवर ‘थंड’ आणि ‘गरम’ अशा दोन पातळ्यांच्या खुणा असतात. काही गाड्यांत त्या झाकणाच्या काडीवर असतात. इंजिन बंद करून, झाकणाभोवतीची धूळ फडक्याने पुसून मगच झाकण उघडावे. धुळीचा कणही पंपाचा शत्रू आहे. पातळी पाहावी, मग तेलाचा रंग पाहावा. पुष्कळ गाड्यांत हे तेल नवे असताना लाल असते. ते तपकिरी झाले असेल तर जुने झाले, काळे होऊन जळका वास येत असेल तर फार तापले. पांढुरका फेस दिसला तर हवा शिरते आहे. तेलात चंदेरी चमक दिसली, तर ती धातूची भुकटी होय, आणि तेव्हा पंप झिजू लागला आहे, असे समजावे.

पातळी कमी आढळली की तेल ओतून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु ही व्यवस्था बंदिस्त आहे. इंजिन तेल थोडेफार खाते, तसे हे तेल खर्ची पडत नाही. ते कमी झाले याचा अर्थ कोठेतरी गळते आहे. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग कोठे पडला यावरून गळतीची जागा कळते. रॅकच्या दोन्ही टोकांना भात्यासारखी रबरी आवरणे असतात. ती थंड गाडीत बोटांनी दाबून पाहावी. आत तेल डचमळत असेल तर रॅकचे सील गेले आहे. गळती शोधण्यासाठी चालू इंजिनात दाबाच्या नळीवरून हात कदापि फिरवू नये. सुईच्या अग्राएवढ्या भोकातून निघणारी तेलाची धार त्वचा भेदून आत शिरते, आणि अशी इजा बाहेरून क्षुल्लक दिसली तरी हात गमावण्याची पाळी आणू शकते.

कधी कधी मात्र कोठेही डाग दिसत नाही आणि तरीही टाकीत फेस असतो. हे कोडे अनेकांना चकवते. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीत तेल ढकलले जात नाही, ओढले जाते. ती नळी इंजिनाच्या उष्णतेने कडक झाली किंवा तिची क्लिप सैल झाली, तर त्या फटीतून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. काही रुपयांची क्लिप हजारो रुपयांच्या पंपाचा बळी घेते ती अशी. क्लिप आवळावी. नळी तडकली असेल, तर इंजिन पूर्ण थंड असताना, खाली परात ठेवून, ती बदलावी. नवी नळी तेलासाठीच बनवलेली असावी. पाण्याची रबरी नळी तेलाने फुगते आणि मऊ पडते.

तिसरे हत्यार हात. पट्टा तपासताना इंजिन बंद असावे आणि किल्ली खिशात असावी. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली असेल किंवा तिला भेगा पडल्या असतील, तर पट्टा बदलावा. ज्या गाड्यांत ताण हाताने लावावयाचा असतो, त्यांत दोन कप्प्यांमधील लांब भाग अंगठ्याने दाबला असता साधारणतः एक सेंटिमीटर दबावा. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. किंचाळी बंद व्हावी म्हणून पट्ट्यावर तेल, मेण किंवा साबण लावणे हा उपाय नव्हे. पुष्कळ इंजिनांत तोच पट्टा विजेचा जनरेटर आणि कधी पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला, तर केवळ स्टिअरिंग जड होऊन भागत नाही, इंजिनही तापून बिघडू शकते.

गळती थांबवल्यावर तेलाचा प्रश्न येतो. कोणते तेल घालावयाचे, हे गाडीची पुस्तिका किंवा टाकीचे झाकण सांगते. त्यात स्वतःची अक्कल चालवू नये. काही गाड्यांना गिअरबॉक्सचे लाल तेल लागते, काहींना हिरवे कृत्रिम तेल, तर काही उत्पादकांचे तेल स्वतंत्र असते. त्यांचे मिश्रण करू नये. ब्रेकचे तेल तर चुकूनही घालू नये. त्याने रबरी सील फुगतात आणि सगळी व्यवस्थाच उघडून दुरुस्त करावी लागते.

जुने तेल बदलण्याची घरगुती रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून, मोठ्या पिचकारीने टाकीतील तेल काढून घ्यावे, खुणेपर्यंत नवे भरावे, इंजिन सुरू करून चक्र दोन-चार वेळा सावकाश दोन्ही टोकांकडे न्यावे आणि पुन्हा बंद करून तीच कृती करावी. टाकी रिकामी असताना इंजिन क्षणभरही सुरू करू नये; कोरडा फिरलेला पंप पाहता पाहता जखमी होतो. एकदा तेल बदलून सगळे जुने तेल जात नाही, हेही ध्यानात घ्यावे. समजा, संपूर्ण व्यवस्थेत एक लिटर तेल आहे आणि टाकीत ३०० मिलिलिटर. पहिल्या खेपेनंतर ७० टक्के जुने तेल उरते, दुसऱ्या खेपेनंतर ४९, तिसऱ्या खेपेनंतर ३४ आणि पाचव्या खेपेनंतर सुमारे १७. म्हणून चार-पाच खेपांची तयारी ठेवावी. त्या एकाच दिवशी उरकण्याची गरज नाही. दोन खेपांच्या मध्ये काही दिवस गाडी चालवली तरी चालते.

शेवटची कृती हवा काढण्याची. मागच्या चाकांना ओंडके लावावेत, पुढची चाके जॅकने उचलावीत आणि गाडी भक्कम स्टँडांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे प्राणावर बेतते. विटांचा ढीग हा स्टँड नव्हे. इंजिन बंदच ठेवून, परंतु किल्ली स्टिअरिंगचे कुलूप सुटेल इतकीच फिरवून, चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा हळूहळू फिरवावे. मधून मधून पातळी पाहून तेल घालावे. बुडबुडे येणे थांबले की इंजिन मंद चालू करून तीच कृती थोड्या वेळा करावी. घाई केली तर हवा निघण्याऐवजी तेलात घुसळली जाते. फेस दिसलाच तर इंजिन बंद करून तासभर थांबावे; बुडबुडे आपोआप वर येतात.

एवढे करून पाहिल्यावर बहुधा आवाज जातो, निदान पुष्कळ कमी होतो. तो गेला नाही, तर मात्र घरगुती उपायांची सीमा आली असे समजावे. तेलात धातूची चमक असणे, चक्र जड होणे किंवा झटके देणे, दाबाची नळी पाझरणे आणि रॅकच्या आवरणात तेल साचणे ही चार लक्षणे दिसताच काम अनुभवी मिस्त्रीकडे सोपवावे. दाबाच्या नळीतील तेल इंजिनाच्या तापलेल्या धुराड्यावर उडाले, तर ते पेट घेऊ शकते. त्या गळतीबाबत उद्याचा वायदा करू नये. इंजिन बंद पडले किंवा पंप थांबला, तरी चक्र आणि चाके यांचा यांत्रिक सांधा शाबूत असतो. गाडी वळते, परंतु बळ फार लागते, आणि भर रहदारीत अवचित आलेला तो जडपणा चालकाला गोंधळवतो. धोका खरा तेथे आहे.

पंप बदलण्याची वेळ आलीच, तर जुना पंप बरोबर घेऊन जावे. बंगळुरात जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांच्या रांगा आहेत; तेथे केवळ गाडीचे नाव सांगून वस्तू घेण्याऐवजी भागाचा क्रमांक ताडून घ्यावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नवा पंप बसवण्यापूर्वी टाकीची जाळी, ओढनळी आणि तेल स्वच्छ करून घ्यावे. ज्या कारणाने पहिला पंप गेला, ते कारण तसेच ठेवले तर दुसराही त्याच वाटेने जातो. आणि मग ग्राहक दुकानदाराला दोष देतो, दुकानदार मिस्त्रीला देतो, परंतु सैल क्लिपकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

काढलेल्या जुन्या तेलाचे काय करावे, हा प्रश्न लहान समजू नये. घरासमोरच्या गटारात ते ओतणे सोपे असते. परंतु बंगळुरात गल्लीतील गटारे राजकालुव्यांना, म्हणजे मोठ्या नाल्यांना मिळतात आणि राजकालुवे तळ्यांना. मलजल आणि कचऱ्याने कोंडलेल्या बेळ्ळंदूर तळ्यातून २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये आगीचे लोळ उठलेले साऱ्या देशाने पाहिले. त्या दुर्दशेत लिटरभर तेलाचा वाटा कितीसा, असे म्हणता येईल. पण तळे नासते ते अशाच असंख्य ‘कितीसा’ वाट्यांनी. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या बाटलीत भरून, ज्या गॅरेजातून नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे तेल जाते तेथे द्यावे.

जयनगरातील त्या घरधन्यांकडे परत जाऊ या. रविवारच्या सकाळी त्यांनी टाकी उघडली, तेव्हा पातळी खालच्या खुणेखाली होती, तेल काळपट झाले होते आणि ओढनळीची क्लिप बोटाने फिरत होती, असे मानावे. एक क्लिप, एक-दोन लिटर योग्य तेल आणि काही तासांचे श्रम यांवर काम भागते. ज्याने एकदा हे स्वतः केले आहे, त्याला पुढच्या वेळी ‘पंप गेला’ असे कोणी सांगितले तर चार प्रश्न विचारता येतात : तेल पाहिले काय, फेस होता काय, पट्टा तपासला काय, ओढनळी पाहिली काय? प्रामाणिक मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, आपले बोलणे समजणारा ग्राहक भेटल्याचे त्याला समाधानच वाटते.

म्हणून आवाज ऐकताच प्रथम कानांना काम द्यावे, नंतर डोळ्यांना, मग हातांना; आणि खिशाला सर्वांच्या शेवटी.